आधी पाण्याला वाट, मग फवारा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की सहाएक किलोमीटरवर खजाना विहीर येते. येणारे जाणारे काठावर उभं राहून खाली डोकावतात, फोटो काढतात आणि निघतात. विहिरीचं खरं काम मात्र तिच्या पोटातल्या भुयारांत आहे. दक्षिणेकडून दोन भुयारांतून पाणी येतं आणि तिसऱ्यातून उत्तरेला निघून जातं. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1565 ते 1588 या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली आणि बांधणारा कारागीर राजा भास्कर होता, असं सांगतात. या पाण्यावर भिजणाऱ्या 212 हेक्टरांच्या पट्ट्याला लोक बलगुजर म्हणतात. दुष्काळातही विहिरीची पातळी हलत नाही, अशी तिची ख्याती.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या सरपंचांना घेऊन तिथे गेलो होतो. त्यांनी भुयाराच्या तोंडाशी वाकून बघितलं आणि विचारलं, "साहेब, आतून सिमेंटचा फवारा मारून घेतला तर शंभर वर्षांचं काम होईल ना?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. खजाना विहिरीपुरतं उत्तर 'नाही' असं आहे, त्याचं कारण पुढे येईल. पण कालव्याचा बोगदा, धरणातली तपासणीची गॅलरी, घाटरस्त्याचा जुना बोगदा, रेल्वेखालची दगडी कमानीची मोरी अशा ठिकाणी फवाऱ्याचं अस्तर हा खरोखर चांगला इलाज आहे. अशा कामाची मंजुरी, देखरेख किंवा बिल ज्यांच्या हाताखालून जातं ते शाखा अभियंते, छोटे कंत्राटदार, पाणीवापर संस्थेचे पदाधिकारी आणि प्रश्न विचारणारे गावकरी माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी फवारा म्हणजे काय ते बघू. सिमेंट आणि वाळू कोरडीच मिसळून हवेच्या दाबाने नळीतून पुढे ढकलायची आणि तोंडाशी पाणी मिसळून भिंतीवर जोरात मारायची, ही जुनी पद्धत. तिला आपल्याकडे गनायटिंग म्हणतात. ओला माल पंपाने ढकलून तोंडाशी हवा सोडायची, ही दुसरी. बारीक खडी घातलेल्या मालाला शॉटक्रीट हे नाव जास्त वापरात आहे. हे यंत्र बनवणारा माणूस स्थापत्य अभियंता नव्हता, घडवलेल्या साच्यावर प्राण्यांची कातडी चढवून त्यांचे हुबेहूब पुतळे करणारा होता. कार्ल एकली हा अमेरिकन गृहस्थ शिकागोच्या संग्रहालयात काम करायचा. तिथल्या इमारतीचा पोपडे निघालेला दर्शनी भाग दुरुस्त करायला त्याने 1907 च्या सुमारास ही सिमेंटची बंदूक बनवली. म्हणजे यंत्राचा जन्मच दुरुस्तीतून झाला. आपल्याकडे या कामासाठी आयएस 9012 ही संहिता 1978 पासून आहे. कंत्राटात तिचा क्रमांक असतो, साइटवर ती कुणाच्या हातात मात्र क्वचितच दिसते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीची दुसरी-तिसरी वर्षं होती. एका कालव्याच्या बोगद्यात आवर्तन सुटायच्या आत काम उरकायचं होतं. अस्तरावर तीन-चार ठिकाणी ओल होती, एका सांध्यातून बारीक धार लागली होती. आम्ही लवकर घट्ट होणारं रसायन जास्त घालून त्या धारेवरच फवारा मारला. धार थांबली, सगळे खूश. त्या पावसाळ्यानंतर आत गेलो तेव्हा कमानीची दरवाज्याएवढी ढलपी खाली पडलेली होती आणि तिच्या पाठीवर पांढरट क्षारांचा लेप होता. पाणी गेलेलं नव्हतं. ते आमच्या अस्तरामागे साचून दाब देत बसलं होतं. तेव्हापासून मी फवाऱ्याच्या कामाला पाण्याचं काम म्हणतो.

बीडच्या जमिनीत हे जास्तच खरं आहे. बालाघाटचा डोंगर म्हणजे काळ्या पाषाणाचे एकावर एक थर. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मऊ मातीचा पट्टा सापडतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा असतो. पाषाण स्वतः पाणी धरत नाही, ते त्याच्या भेगांतून उतरतं आणि तांबड्या थरावर येऊन आडवं चालू लागतं. बोगद्याने तो थर कापला असेल तर तिथे ओल येणारच. शिवाय तो थर भिजला की फुगतो, सुटतो, ढासळतो. म्हणून अस्तराच्या कोणत्या उंचीवर ओलीची आडवी रेघ आहे ते पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपद-आश्विनात जाऊन बघा. मे महिन्यात केलेली पाहणी कोरडी निघते आणि अंदाजपत्रकही कोरडं निघतं.

पाहणीचं मुख्य हत्यार म्हणजे अर्धा-पाऊण किलोचा हातोडा. अस्तरावर खडूने मीटर-मीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत पाच ठिकाणी ठोका. घट्ट बसलेलं अस्तर खणखणीत वाजतं, हातोडा उसळतो. सुटलेलं अस्तर भद्द वाजतं आणि हातोडा जागीच बसतो. एकदा कान तयार झाला की डोळे मिटूनही फरक कळतो. भद्द वाजलेली चौकट कागदावर काळी करा. कमानीच्या माथ्यावर काळ्या चौकटी जास्त निघाल्या तर नवल मानू नका. जुन्या बांधकामात अस्तर आणि खडक यांच्यामधली जागा हाताने दगड रचून भरलेली असते. ते दगड वर्षानुवर्षं खाली बसत जातात आणि माथ्यावर पोकळी राहते. अशा पोकळीखाली आतून कितीही जाड फवारा मारला तरी माथा अधांतरीच राहणार. तिथे आधी भोकं पाडून सिमेंटचा पातळ लगदा भरायचा, म्हणजे ग्राउटिंग करायचं. तेही हलक्या दाबाने आणि खालून वर चढत. घाईने दाब वाढवला तर जुनं अस्तर आत ढकललं जातं. हे मी ऐकीव सांगत नाही.

भेगांचं वेगळं बघा. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहायची, ही जुनी युक्ती आजही चालते. पावसाळा आणि हिवाळा जाऊनही काच शाबूत असेल तर भेग झोपलेली आहे. काच तडकली असेल, विशेषतः बोगद्याच्या लांबीला समांतर धावणाऱ्या भेगेवर, तर डोंगर अजून हलतोय. तिथे फवारा हा इलाजच नाही. भूशास्त्रज्ञाला बोलवा, खडकात बोल्ट किंवा पोलादी कमानी लागतील. फवाऱ्याच्या पन्नास मिलिमीटरच्या थराकडून डोंगर पेलण्याची अपेक्षा करू नये.

कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याचं उदाहरण ताजं आहे. 6 ऑगस्ट 2020 च्या पहाटे त्याच्या भिंतीचा पाचेक मीटरचा भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै 2024 मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक पुन्हा थांबली. तो भाग मऊ मातीचा आहे, आपल्यासारखा काळ्या पाषाणाचा नाही. तरी दोन्ही वेळा महिना कोणता होता ते बघा.

पाण्याला वाट करून देणं म्हणजे नेमकं काय? जिथे धार आहे तिथे भोक पाडून प्लास्टिकचा पाइप आत बसवायचा, भोवती लवकर घट्ट होणाऱ्या मसाल्याने बूच मारायचं आणि धार त्या एका पाइपात आणायची. पसरलेल्या ओलीसाठी अस्तरावर अर्धगोल नळीची पट्टी खाली गटारापर्यंत न्यायची आणि फवारा तिच्यावरून मारायचा. पाइपांची तोंडं फवाऱ्याच्या वेळी कापडाच्या बोळ्याने बंद करायची आणि संध्याकाळी बोळे मोजून काढायचे. बोळा आतच राहिला म्हणजे पाणी कोंडलंच. मी मुकादमाला बोळ्यांचा हिशेब वहीत लिहायला लावायचो, त्यावरून माझी थट्टाही व्हायची. बोगद्याच्या तळाचं गटार साफ नसेल तर मात्र ही सगळी खटपट वाया.

मग पृष्ठभाग. सुटलेलं सगळं पाडायचं. दगडी किंवा विटांच्या बांधकामात सांधे दोन-अडीच सेंटिमीटर खोल उकरायचे, म्हणजे नव्या मालाला दात मिळतात. वाफेच्या इंजिनांच्या काळातले बोगदे असतील तर त्यांच्या अस्तरावर काजळी असते. बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 साली खुला झाला आणि पुढची कित्येक दशकं तिथे कोळशाचाच धूर होता. ती काजळी नुसती काळी नसते, तिच्यातलं गंधक मसाला कुरतडतं. ती जोरदार पाण्याने किंवा वाळूच्या माऱ्याने पुरती काढल्याशिवाय वर काहीही चिकटत नाही. शेवटी पृष्ठभाग धुऊन थोडा वेळ सोडायचा. तो आतून ओला आणि वरून कोरडा हवा. हात लावला तर गार लागावा, पण तळहाताला पाणी लागू नये.

जाळीबद्दल थोडं. 50 ते 100 मिलिमीटर चौकटीची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खडकापर्यंत जाणाऱ्या अँकरांना ती घट्ट बांधा. भिंतीला चिकटवून बसवू नका, मागे बोटभर जागा ठेवा. जाळी हलत असेल तर फवाऱ्याच्या माऱ्याने ती थरथरते आणि मागे पोकळ्या राहतात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर हातोडा मारला की जाळीच्या चौकटी एकेक ऐकू येतात, इतकं ते स्पष्ट असतं. पोलादी तंतू घातलेला माल वापरला तर जाळीची कटकट वाचते, पण त्यासाठी यंत्र आणि माणूस दोन्ही त्यात मुरलेले हवेत.

मालात वाळू महत्त्वाची. गेवराईकडच्या गोदावरीची वाळू आता पूर्वीसारखी मिळत नाही आणि जी मिळते तिची पावती विचारायची सोय नसते. क्रशरची वाळू चालते, पण तिची भुकटी जास्त असेल तर धुऊन घ्या. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, चांगलं हलवून काही तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जास्त दिसला तर तो ट्रक परत पाठवा. कोरड्या पद्धतीत वाळूत 3 ते 6 टक्के ओल लागते. त्याहून कोरडी असली तर धुरळा उडतो, त्याहून ओली असली तर नळी तुंबते. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये वाळू हाडासारखी कोरडी असते, ती आदल्या रात्री शिंपडून गोणपाटाखाली झाका. मिसळलेला माल पाऊण तासात संपवा. उरलेला टाकून द्या, पाणी मारून जिवंत करू नका.

परळीच्या औष्णिक केंद्राची राख इथे स्वस्त मिळते म्हणून विचारणा होते. राखेने माल चिकट होतो, दूरचं टिकाऊपणही वाढतं. पण ती आयएस 3812 ला उतरणारी, कोरडी गोळा केलेली आणि चाचणीचा कागद असलेली हवी. तळ्यातून उपसलेली ओली राख नको. राखेमुळे सुरुवातीची ताकद हळू येते हेही ध्यानात ठेवा, विशेषतः माथ्याच्या कामात.

प्रमाण बहुतेक वेळा एक भाग सिमेंटला तीन ते साडेचार भाग वाळू. एक ढोबळ हिशेब देतो, कारण कामाचं नाक इथेच दाबलं जातं. 100 चौरस मीटर कमानीवर 50 मिलिमीटर जाडी म्हणजे जागेवर 5 घनमीटर माल. पण कोरड्या फवाऱ्यात सगळा माल चिकटत नाही, काही उसळून खाली पडतो. उभ्या भिंतीवर 15 ते 30 टक्के, माथ्यावर 25 ते 50 टक्के. सरासरी 30 टक्के धरली तर 5 घनमीटर चिकटवायला सात घनमीटरच्या वर माल मारावा लागतो आणि 1:4 प्रमाणाला सुमारे 55 पोती सिमेंट जातं. चाळीस पोत्यांत एवढं काम झालं असं कुणी सांगत असेल, तर एक तर जाडी कमी आहे किंवा खाली पडलेला माल फावड्याने उचलून पुन्हा यंत्रात गेलाय. ही गोष्ट साइटवर सर्रास होते. पडलेल्या मालात बहुतेक वाळूच असते, सिमेंटने पाणी धरलेलं असतं, त्यात ताकद राहिलेली नसते. म्हणून खाली ताडपत्री अंथरा आणि दर तासाला ती बोगद्याबाहेर रिकामी करा. आतल्या आत ढीग ठेवलात तर तो रात्री नाहीसा होतो.

नोझल धरणारा माणूस हा या कामाचा गवंडी आहे. तोंड भिंतीपासून साधारण एक मीटरवर आणि काटकोनात हवं. तो लहान लहान गोल फिरवत पुढे सरकतो, चितारी रंग भरतो तसा. तिरकं धरलं की माल जास्त उसळतो आणि भिंतीवर लाटा उठतात. काम नेहमी खालून वर: आधी भिंती, मग खांदे, शेवटी माथा. माथ्यावर एका वेळी 20-25 मिलिमीटरच, मग तो आवळला की दुसरा थर. कोपऱ्यात उसळलेला माल साचलेला असतो, तो आधी खरवडून काढायचा, त्याच्यावर फवारा मारायचा नाही. पाण्याचा नळ नोझलवाल्याच्याच हाती असतो. पृष्ठभागाला नुसती ओलसर चकाकी दिसली की पाणी बरोबर आहे. भिंत खडबडीत राहिली म्हणून थापीने घोटायला जाऊ नका. ताज्या फवाऱ्यावर थापी फिरली की आतली पकड सुटते. साहेबांना गुळगुळीत आवडतं, हे मला माहीत आहे. खडबडीत राहू द्या.

कामाच्या आधी त्याच माणसाच्या हातून, त्याच यंत्राने, लाकडी चौकटींवर दोन-तीन नमुने मारून घ्या. त्यांतली एक चौकट माथ्यासारखी उलटी टांगलेली असू द्या. मग त्यांतून गाभे कापून बघा. जाळीमागे पोकळी दिसली तर माणूस बदला किंवा त्याला आणखी चार दिवस सराव द्या. दर कमी लावणाऱ्यापेक्षा ज्याच्याकडे असा माणूस आहे त्याला काम द्या, एवढं मी वीस वर्षांत शिकलो.

सुरक्षितता दोन वाक्यांत उरकण्याची गोष्ट नाही, तरी तीन गोष्टी सांगतोच. धूळ फुफ्फुसात कायमची बसते, तोंडाला बांधलेल्या गमछाचा काही उपयोग नाही. नीट मास्क आणि बोगद्यात हवा फिरवणारा पंखा हवाच. नळी तुंबली तर नोझलच्या तोंडात डोकावून बघायचं नाही, आधी दाब सोडायचा. आणि बंद भुयारात, पडक्या गॅलरीत एकट्याने उतरू नका. विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसं कोंडलेल्या हवेने गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात आपण दर उन्हाळ्यात वाचतो. वायूमापक आत सोडून बघा, मग माणूस सोडा.

फवारा झाल्यावर सात दिवस भिजवा. बोगद्यात गारवा असतो म्हणून हे काम टाळलं जातं, पण दोन्ही तोंडांशी वारा जोरात वाहतो आणि तिथलाच माल आधी तडकतो. रेल्वेच्या बोगद्यात आणखी एक बघा. अस्तर जाड झालं की गाडीला मिळणारी मोकळी जागा कमी होते, वरच्या विजेच्या तारेपासूनचं अंतरही. फवाऱ्याआधी आणि नंतर माप घेतल्याशिवाय तिथे एक सेंटिमीटरही वाढवता येत नाही.

आता परत खजाना विहिरीकडे. तिची भुयारं चुन्याच्या बांधकामाची आहेत. चुना मऊ असतो, थोडा हलला तरी तडा जात नाही आणि त्यातून ओल आत-बाहेर होते. वर सिमेंटचा कडक थर बसला की ओल मागेच अडकते. चुना भिजत राहतो, क्षार दगडात जमतात आणि काही वर्षांनी सिमेंटची ढलपी पडते तेव्हा दगडाचा पुढचा पापुद्राही घेऊन पडते. त्याहून मोठी गोष्ट ही की येणाऱ्या भुयारांत पाणी भिंतींच्या सांध्यांतून पाझरत असेल, तर त्या भिंती बंद करणं म्हणजे विहिरीचे झरे लिंपणं. बीड जिल्ह्यातला कोणताही शेतकरी आपल्या विहिरीला हे करणार नाही. तिथे काम करायचंच झालं तर गाळ काढणं, मुळं काढणं आणि सुटलेले सांधे चुन्यानेच, हाताने भरणं एवढंच. चुन्याचा मसालाही हलक्या दाबाने फवारता येतो, पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली. आणि पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय काहीच नको.

सरपंचांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या कालव्याच्या बोगद्याला फवारा, आणि या आजोबाला चुना." इतकं सोपं त्यांनीच करून टाकलं.

शेवटचं, सही करणाऱ्यांसाठी. काम संपल्यावर 28 दिवसांनी त्याच खडूच्या चौकटींवर पुन्हा हातोडा फिरवा आणि पहिल्या नकाशाशेजारी दुसरा नकाशा काढा. पाइपांतून पाणी येतंय का ते पावसाळ्यानंतर जाऊन बघा. पाऊस झाला तरी सगळे पाइप कोरडे असतील तर खूश होऊ नका, पाणी कुठेतरी मागे थांबलेलं असू शकतं. मोजमाप वहीला हातोड्याचे हे दोन नकाशे आणि बोळ्यांचा हिशेब जोडलेला नसेल, तर अंतिम बिलावर सही करू नका.